नौपाड्याचं घर रिकामं करतोय. घंगाळ, लोणच्याच्या बरण्या, चिनी मातीचा हंस... भोक पाडून कुंड्या करू की नको?

गच्चीवरची_अबोली (ठाणे)

नमस्कार मंडळी, इथे वाचत असते बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबेल.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय. महिनाअखेरीला चावी द्यायची, मग निदान तीन वर्षं कोलशेतला भाड्याचं घर. माळा रिकामा करताना सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचं सामान निघालं: एक तांब्याचं घंगाळ, दोन बाजूला जाड कड्या, दोघांनी उचलावं लागतं एवढं, तीन लोणच्याच्या बरण्या (वर तपकिरी, खाली पांढऱ्या, एकीचं झाकण गेलंय), आणि एक चिनी मातीचा हंस, पाठीत खळगा असलेला, त्यात कधीकाळी मनीप्लांट होता म्हणे. याशिवाय मी स्वतः दोन वर्षांपूर्वी घेतलेली एक उरळी आहे, फुलं तरंगत ठेवायला.

खरं सांगते, मला यातलं काही कळत नव्हतं आणि मी पण निम्मं मोडीत काढणारच होते. पण गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींकडचा बंब गेला. मी गेटपाशी रिक्षाची वाट बघत होते, भंगारवाल्याने तिथेच बंब आडवा पाडला आणि घणाचे चार घाव घालून चेपला, टेम्पोत जागा कमी लागावी म्हणून. नळीची तोटी तुटून माझ्या पायाशी आली. आजी खिडकीतून बघत होत्या. त्यानंतर घरी येऊन घंगाळ परत आत ओढून ठेवलं आणि यांना सांगितलं की हे जाणार नाही, भाड्याच्या घरात सोफा एक कमी नेऊ.

आता प्रश्न. घंगाळात थेट माती भरून काही लावता येईल का, म्हणजे शोभेचं झाड, हॉलमध्ये, आणि पाण्याला वाट हवी म्हणून तळाला भोक पाडावं का? बरण्यांना पण तेच, इन्स्टावर सगळे भोक पाडून स्नेक प्लांट लावतात ते बघितलंय. घंगाळ काळं-हिरवं पडलंय ते लखलखीत करावं की तसंच ठेवावं? हंसाच्या पोटाखाली इंग्रजीत जपान असं काहीतरी पुसट आहे, जुना असेल का? आणि हे वेड लागलंच आहे तर अजून दोनचार चांगल्या जुन्या कुंड्या, वाडगे घ्यायचेत, ठाण्यातून कुठे जायचं आणि फसायचं कसं नाही?

घंगाळाच्या काठाला काहीतरी ठिपक्यांनी लिहिलंय, वाचता येत नाहीये.

---

मठारकाम (चरई)

अबोलीताई, सगळ्यात आधी: भोक पाडू नका. घंगाळाला तर अजिबात नको. आमच्या घरात दोन पिढ्या भांड्यांचं दुकान होतं, म्हणून हक्काने सांगतो, तळाला भोक पडलेलं घंगाळ म्हणजे पुढच्या माणसासाठी फक्त मोडीचा भाव.

काठावरचं आधी वाचा. ते नाव घातलेलं असणार. पूर्वी लग्नात भांडं द्यायचं तर कुणी कुणाला, कधी दिलं ते घालून घ्यायची पद्धतच होती. काठावर थोडा गव्हाचा कोरडा आटा चोळा आणि मऊ फडक्याने वरचा पुसून घ्या, खड्ड्यात राहिलेला आटा पांढरा दिसतो आणि अक्षरं वाचता येतात. टॉर्च आडवा धरलात तरी चालेल. ठिपके सुटे सुटे, कमी जास्त खोल असतील तर हाताने छिन्नी-हातोडीने घातलेलं, मशीनने घातलेलं असलं की रेघ सलग आणि बारीक दिसते. साल शके मध्ये असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन आलं (पौषापासून पुढचे महिने असतील तर ७९). जुन्या वस्तूचं वय ठरवायला लोक काय काय करतात, आपल्याकडे ते काठावर लिहून ठेवलेलं असतं आणि आपण ते चिंचेने घासून घासून पुसून टाकतो.

त्यावरून दुसरा मुद्दा, घासायचं की नाही. रोजच्या वापरातलं भांडं घासा, चिंच घ्या, पितांबरी घ्या (ती तर आपल्या ठाण्याचीच). पण जपून ठेवायची जुनी वस्तू आंबटात बुडवून लख्ख करू नये असं माझं ठाम मत आहे. जी तपकिरी काळपट छटा आलीय ती तयार व्हायला पन्नास साठ वर्षं लागली, ती तांब्याचं रक्षणच करते. काढायचा तो फक्त हिरवा, भुकटीसारखा सुटणारा कळंक. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग उन्हात पूर्ण कोरडं, आणि शेवटी मेणाचा अगदी पातळ हात देऊन सुती फडक्याने चोळा. कोलशेतला जाताय म्हणजे खाडी जवळ. खाडीच्या चिखलातून जो वास येतो ना ओहोटीला, त्या वायूनं तांबं पितळ चांदी सगळंच लवकर काळं पडतं, मेण लावलं असेल तर फरक पडतो. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, एवढं पुरे.

घंगाळ उलटं करून पोटाला हात फिरवा. बारीक बारीक सारख्या खळग्या जाणवतात का? त्याला मठारणं म्हणतात, गोल तोंडाच्या हातोडीने एकेक ठोका घालून पत्रा कडक करायचा आणि आकार पक्का करायचा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून होतं हे काम, जमलं तर जाऊन या, नुसता आवाज ऐकायला जा. आणि एक, जुन्या भांड्यात दोन पत्रे जोडलेत तिथे करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ दिसते, दाते एकमेकांत बसवून झाळलेले असतात. ती दिसली तर भांडं हाताने घडवलंय हे नक्की समजा. हल्लीच्या यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधाच नसतो.

झाडाबद्दल. तांबं मुळांना मानवत नाही. कोकणात सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे तांबं बुरशी मारतं हे आपल्याला माहीतच आहे. परदेशातल्या नर्सऱ्यांत कुंडीच्या आतून तांब्याचा क्षार असलेला रंग लावतात, मुळं भिंतीला गोल गोल वेटोळी घालू नयेत म्हणून, मुळाचं टोक त्याला लागलं की वाढ थांबते. ओली माती, खत, जरासं आंबटपण, यात तांबं सुटत राहतं. त्यामुळे झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती कुंडी घंगाळात उभी करा. खाली उलटी ताटली ठेवा म्हणजे उंचीही मिळेल आणि तळाला पाणी साचलं तरी मुळं त्यात बुडणार नाहीत.

उरळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. नाही चिकटला तर काठ हवेत धरून बोटाने टिचकी मारा. खरी उरळी काशाची ओतीव असते, केरळात मन्नारला ओततात, जड असते आणि घंटेसारखी वाजत राहते. पत्र्याची असेल तर ठण् करून गप्प बसेल. पत्र्याची निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका, फुलं तीत पण तितकीच सुंदर तरंगतात, फक्त पुढच्या वेळी ओतीवचे पैसे पत्र्याला देऊ नका.

---

चिखलमाती (नेरूळ)

मी चाकावर काम करते, बारा वर्षं झाली, त्यामुळे बरण्या आणि हंस माझ्या वाट्याला 🙂

बरणीला भोक पाडता येतं, सांगते कसं, पण आधी का पाडू नये ते ऐक. बरणीचा आकार बघ, पोट मोठं आणि तोंड लहान. स्नेक प्लांट आत वाढला की मुळांचा गड्डा पोटाएवढा होतो आणि तो त्या तोंडातून बाहेर येत नाही. दोन अडीच वर्षांनी झाड कापून काढायचं नाहीतर बरणी फोडायची, दोनच पर्याय उरतात. इन्स्टावर दोन वर्षांनंतरचा फोटो कुणी टाकत नाही. बरणी सुंदर दिसते ती रिकामी, किंवा तोंडात एखादी सुकलेली फांदी, कापसाची बोंडं, गवताचे तुरे. पाण्यात वाढणारा मनीप्लांट पण छान, पाणी आत ठेवायला तर ती बनलीच आहे.

त्या बरण्या स्टोनवेअर आहेत, बाराशे डिग्रीच्या पुढे भाजलेल्या, म्हणून तर वर्षभर मीठ आणि तेल पोटात ठेवून पाझरत नाहीत. वरचा तपकिरी आणि खालचा पांढरट हा दोन रंगांचा घाट आपल्याकडे घरोघर होता. तळाला शिक्का आहे का बघ. मोरबी-वांकानेर भागातल्या परशुराम पॉटरीचा किंवा बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज असा शिक्का निघाला तर फोटो टाक, मला बघायला फार आवडेल. हिंदी-गुजरातीत बरणीला मर्तबान म्हणतात ना, ते नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आलंय, तिथून मोठमोठ्या चकचकीत रांजणांचा व्यापार चालायचा आणि बंदराचं नाव भांड्याला चिकटलं.

झाकण गेलेल्या बरणीला पाडायचंच असेल भोक तर: ड्रिलचा हॅमर मोड बंद, डायमंड कोअर बिट (साधा मेसनरी बिट लावलास की तडा गेलाच म्हणून समज), बरणी ओल्या वाळूत उलटी रुतवायची म्हणजे हलत नाही, वर मास्किंग टेप, बिट सुरुवातीला तिरका धरून खाच पाडायची आणि मग सरळ, स्पीड सगळ्यात कमी, आणि कुणीतरी सतत पाण्याची धार धरायची. दाबायचं नाही, बिटला त्याच्या वेगाने जाऊ द्यायचं. दहा मिनिटं लागतात. शेवटच्या एक मिलिमीटरला लोक घाई करतात आणि तिथेच आतून कपचा उडतो.

आता हंस. पोटाखालचं नीट वाच. नुसतं जपान किंवा मेड इन जपान असेल तर त्यावरून साल सांगता येत नाही, फार मोठ्या काळात तसा शिक्का मारलाय. पण ऑक्युपाइड जपान असं असेल तर तो माल दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाचा, म्हणजे १९५२ च्या एप्रिलच्या आधीचा. हा शिक्का खोटा पण मारतात, म्हणून बाकीच्या खुणा पण बघायच्या. असे हंस साच्यात पातळ माती ओतून करतात, आत बोट घातलंस तर बाहेरचा प्रत्येक उंचवटा आत खळगा होऊन जाणवेल आणि कडेने साच्याचा सांधा पुसट दिसेल. मान तपासायची, हंसाची मान हमखास तुटते आणि हमखास चिकटवलेली असते. नोटा बघायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो तो अंधारात मार, जुनं ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) आणि नवा गोंद-रंग वेगळे चमकतात. चिकटवलेली निघाली तर हंस मानेने उचलायचा नाही एवढंच, टाकायचा नाही.

हंसात पण झाड छोट्या आतल्या कुंडीतच. भाजलेल्या मातीवर बारीक जाळीसारख्या रेघा असतील तर त्यातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी बाहेर पांढरा खार फुटतो. आणि तळाला खडे टाकले म्हणजे पाण्याचा निचरा होतो हे डोक्यातून काढ, बिनभोकाच्या कुंडीत खडे टाकले तर माती खड्यांच्या वर चिंब बसून राहते, मुळं कुजायची ती कुजतातच. अजून एक महत्त्वाचं, जुन्या रंगीत ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, म्हणून जुना शोभेचा वाडगा म्हणून घेतलेल्या कशातही फळं कापून, चटणी, लोणचं असलं काही ठेवू नकोस.

खरेदीला जायच्या आधी एकदा भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियम बघून ये, राणीच्या बागेलाच लागून आहे, ठाण्याहून लोकलने सरळ. १८७२ सालचं म्युझियम. १८७० च्या दशकात जे जे स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी नावाच्या शिक्षकाने मातीकामाचा विभाग उभा केला, सिंधी कुंभारांची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी एकत्र आणून फुलदाण्या, वाडगे, ताटल्या केल्या. बॉम्बे स्कूल पॉटरी म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मधासारख्या पिवळ्या-तपकिरी ग्लेझखालची ती पानं बघून अर्धा तास हलले नाही. असं दोनचार वेळा चांगलं बघितलं की डोळा तयार होतो, मग दुकानातलं बनावट आपोआप खटकतं.

आणि जाता जाता, जुन्या सिमेंटच्या कुंड्यांपासून जपून. विली गूल नावाच्या स्विस डिझायनरने १९५० च्या दशकात फायबर सिमेंटच्या अप्रतिम शिल्पासारख्या कुंड्या केल्या, आज त्या जगभर महाग विकल्या जातात, पण त्या काळच्या मालात अॅस्बेस्टॉस आहे. आपल्याकडच्या जुन्या सिमेंट पत्र्यात आणि पाइपात पण तेच. पाइप कापून केलेल्या कुंड्या जुन्या सोसायट्यांत असतात, त्या कापणं, घासणं, ड्रिल करणं काही करायचं नाही, धूळ उडाली की ती छातीत जाते.

---

शनिवार_स्वारी (घणसोली)

एवढं कशाला घाबरवताय, मी सात बरण्या ड्रिल केल्यात, एकच फुटली. झाडं मस्त आहेत. घरात वस्तू वापरात असली तरच टिकते, नुसती जपून ठेवलेली वस्तू पुढच्या शिफ्टिंगला जातेच.

चिखलमाती (नेरूळ)

वापरात असली तरच टिकते हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर म्हणतेय की आत कुंडी ठेवून वापर. ती एक फुटली ती कुणाच्या तरी आजीची होती ना.

---

पाणकमळ (खारघर)

घंगाळात पाणी भरून कमळ लावायचा विचार येईलच तुमच्या मनात, म्हणून माझं आधी ऐका.

मी तीन वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या एका गावातल्या घरातून घंगाळ आणलं, बाल्कनीत ठेवलं, पाणी भरलं, कुमुदिनीचा कंद आणला आणि डास नकोत म्हणून आठ गप्पी मासे सोडले. पहिल्या दिवशी छान फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन वर आलेले, संध्याकाळपर्यंत पाच, आणि पाचव्या दिवशी एकही नाही. मला वाटलं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, म्हणून पाणी दोन दिवस उघडं ठेवून परत मासे सोडले, परत तेच. मुलगी रडली त्या दिवशी. मग एका मत्स्यालयवाल्याने भांडं बघितल्याबरोबर विचारलं, तांब्याचं आहे का? मासे, गोगलगाई, कोळंबी यांना पाण्यात उतरलेलं तांबं विष आहे, फार थोडं असलं तरी. मला हे आधी माहीत असतं तर त्या सोळा माशांचा जीव गेला नसता, म्हणून जिथे घंगाळाचा विषय निघतो तिथे मी हे लिहितो.

आता मी घंगाळात त्याच मापाचा काळा प्लॅस्टिकचा टब बसवलाय. काठ झाकला जातो, बाहेरून घंगाळच दिसतं, आत मासे दोन वर्षं मजेत आहेत, पिल्लं पण झाली. नुसती फुलं तरंगवायची असतील तर टबची गरज नाही, पण पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायचंच आणि आतली भिंत कोरड्या फडक्याने पुसायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात आणि भांडं सुकलं तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघर बघायला येतात ती याचसाठी.

वजनाचा हिशोब पण करा. माझं घंगाळ पन्नास लिटरचं, म्हणजे पाण्याचेच पन्नास किलो आणि भांडं वेगळं. ओल्या मातीचं वजन पाण्याहून जास्तच भरतं. भाड्याच्या घरात खिडकीच्या ग्रिलवर असलं काही ठेवू नका, जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा आणि खाली रबरी चटई टाका, टाइल फुटली तर घरमालक डिपॉझिटमधून कापतो.

---

गच्चीवरची_अबोली (ठाणे)

अरे बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

भोक रद्द. उरळीला लोहचुंबक चिकटला 😔 पण काकांनी सांगितलंय म्हणून वाईट वाटून घेत नाहीये.

अजून एक विचारायचंय. मुरबाडकडे जाताना रस्त्यालगत एकाकडे जुन्या दगडी वस्तू असतात, उखळ, जातं, पाटे. त्याच्याकडे गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी आहे ती मला फारच आवडलीय. पण तिच्या शेजारी एक नक्षीचा दगड पण होता, कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, मध्ये खळगा, म्हणाला देवळाचा आहे खूप जुना, कुंडी म्हणून झकास दिसेल. तो घ्यावा का?

---

मठारकाम (चरई)

डोणी घ्या, तो दगड घेऊ नका. परत गेलात तर हातही लावू नका असंच म्हणेन.

आपला हा सगळा भाग शिलाहार राजांचा. ठाणं म्हणजे त्यांचं श्रीस्थानक, अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. या पट्ट्यात शेतात, विहिरीत, तळ्यात कोरीव दगड अजूनही निघतात. देवळाचा दगड आपल्या हॉलमध्ये आणला की तो कुठल्या देवळाचा, कुठल्या बाजूचा, हे कायमचं हरवतं, अभ्यास करणाऱ्याला मग त्यातून काहीच वाचता येत नाही. हे मला कायद्यापेक्षा जास्त लागतं.

कायदा पण आहेच. १९७२ चा पुरावस्तू कायदा, शंभर वर्षांहून जुनी घडवलेली वस्तू ही पुरावस्तू (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं). दगडाची, धातूची, भाजलेल्या मातीची जुनी शिल्पं बाळगायची तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी तर १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्यामुळे रस्त्यावरचा माणूस देवळाचा म्हणून दगड विकतोय तर एकतर तो नवा आहे आणि खोटं बोलतोय, नाहीतर खरंच जुना आहे आणि मग त्याने विकायलाच नको. दोन्ही बाजूंनी तुम्ही घ्यायचा नाही.

डोणीचं सांगतो. काळा दगड, छिन्नीचे घाव बाहेरून रांगेत दिसले पाहिजेत आणि आतून मात्र गुळगुळीत हवी, गुरांच्या जिभांनी आणि पाण्याने झिजलेली. बाहेर आत दोन्हीकडे सारखेच कोरे घाव असतील तर नवी आहे, नवी असली तरी हरकत नाही, पाथरवटाच्या हाताचं काम आहे, पण पैसे नवीचे द्या. आत रात्रभर पाणी भरून ठेवायला सांगा, सकाळी बाहेर ओल दिसली तर चीर आहे.

मुंबईत जायचं तर चोर बाजार, मटन स्ट्रीट, ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं. शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्याचा बाजार भरतो, तो वेगळा आणि त्यात घाई गर्दी फार, पहिल्या वेळी नको. दुकानात शिरल्याबरोबर जे आवडलंय त्याला हात लावू नका, आधी दुसरं काहीतरी विचारा. इंग्लंडच्या फुलदाण्या-कुंड्या दाखवतील तर तळाला उडवायच्या पतंगाच्या आकाराचा शिक्का आहे का बघा, तिकडे नमुना नोंदवल्यावर तो मारत, १८४२ ते १८८३ या काळात. तो नसला म्हणजे वस्तू खोटी असं नाही, पण दुकानदार दीडशे वर्षांपूर्वीची सांगत असेल आणि खाली मेड इन इंग्लंड छापलेलं असेल तर तिथेच हसून पुढे चला, मेड इन लिहायची पद्धत त्या मानाने बरीच नंतरची.

पण माझं ऐकाल तर चोर बाजाराच्या आधी तुमच्याच गल्लीत फिरा. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, एकेक बिल्डिंग खाली होतेय, प्रत्येक माळ्यावर काहीतरी आहे आणि ते घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते कुणाला द्यावं कळत नाहीये. मोडीच्या भावावर वर थोडे जास्त द्या आणि वस्तू कुणाची, कुठून आली ते विचारून वहीत लिहून ठेवा. ते तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

---

गच्चीवरची_अबोली (ठाणे)

आज नऊ दिवसांनी लिहितेय, सामान हललं, कोलशेतच्या घरात खोके अजून अर्धे बांधलेलेच आहेत.

आट्याने अक्षरं वाचता आली! मी आणि सासूबाई जमिनीवर बसून टॉर्च आडवा धरून एकेक अक्षर लावत होतो. "चि. सौ. कां. हिला लग्नानिमित्त मामांकडून" असं आहे, मध्ये नाव, आणि शेवटी वैशाख शके १८७०. म्हणजे १९४८. सासूबाई म्हणाल्या की हे नाव आमच्या घरात कुणाचंच नाही. मग पाच मिनिटांनी एकदम म्हणाल्या, अगं, हे सासूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात बदललं, नंतर घरात कुणी कधी त्या नावाने हाक मारलीच नाही, त्यांनी एकदाच ऐकलं होतं, आत्याबाई भेटायला आल्या होत्या तेव्हा. म्हणजे इतकी वर्षं ते नाव फक्त या काठावर होतं आणि आम्ही त्यात आंघोळीचं पाणी काढत होतो.

हंसाची मान चिकटवलेलीच निघाली, टॉर्चखाली एक निळसर कडं दिसलं. कुणी केव्हा चिकटवली कुणालाच आठवत नाही पण फार नीट चिकटवलीय. बरण्यांपैकी एकीच्या तळाला गोल शिक्का आहे, पुसट, चिखलमातीताई फोटो टाकते उद्या उजेडात काढून.

दगड नाही घेतला. डोणी पण अजून नाही, आधी रात्रभर पाणी भरून ठेवायला सांगून आलेय, रविवारी बघायला जाणार.

आणि खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्याकडे अजून दोन हंडे आणि एक पितळी परात उरलीय असं कळलं, त्या गेल्यात मुलीकडे वाशीला. मी फोन केला. म्हणाल्या, ये आणि वही घेऊन ये, प्रत्येकाचं सांगते. मेण कुठलं आणू काका, मेणबत्तीचं चालेल का मधमाशीचंच लागेल?

मठारकाम (चरई)

मधमाशीचं. खादीच्या दुकानात विचारा, लहान वडी पुरते. थोडं गरम करून फडक्यावर घ्या, भांडं पण उन्हात तापलेलं असू दे. नाव आहे त्या जागी जोरात चोळू नका.